बसलेल्या आवाजाची बाजू

पिंपळनेरच्या बाजूला एका चुलतभावाच्या हळदीत माझ्या वडिलांनी डीजेवाल्याकडून माइक मागून घेतला आणि गाणं म्हटलं. आम्ही त्यांना नाना म्हणतो. नाना उभ्या आयुष्यात कधी चारचौघांत गायले नव्हते. त्यांनी गाणी विकली होती, तीही चिक्कार, पण स्वतः गाणं म्हणजे आंघोळीच्या वेळी एखादी ओळ, तीही बेसूर. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी आमच्या खान्देशातल्या एका अल्बमवाल्या गायकाचं गाणं धरलं आणि मांडवातली पोरं खुर्च्यांवर चढली. त्या गायकाचा आवाज फाटका, घशात वाळू अडकल्यासारखा. नानांचाही आवाज गेले काही महिने तसाच झाला होता. "सेम टू सेम!" कोणीतरी ओरडलं, शिट्ट्या पडल्या, गाणं पुन्हा म्हणायला लावलं. नाना खाली आले तेव्हा घामाने निथळत होते आणि नवरदेवापेक्षा जास्त खूश होते.

मला राग आला. मला भीती वाटली की राग येतो, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. पण त्या दिवशी मी घाबरले आहे हे माझं मलाच कळलं नाही. मला वाटलं, तो गायक मला आवडत नाही म्हणून मी चिडले. मी आईला म्हणाले, "यांना घेऊन चला आता, उगाच तमाशा." आईने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

आमच्या घरातला हा वाद जुना. धुळ्याला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत नानांचं कॅसेटचं दुकान होतं. पुढे सीडी आल्या, मग मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचे दिवस आले, मग गाणी लोकांच्या फोनमध्ये आपली आपणच यायला लागली आणि नानांनी शटर ओढलं. दुकान बंद झालं, दुकानदार काही बंद झाला नाही. गाणं चांगलं की वाईट, हे ठरवायची त्यांची एकच कसोटी होती, खप. माणूस वाट वाकडी करून दुकानात येतो, खिशात हात घालतो आणि "तेच द्या" म्हणतो, ते गाणं खरं. बाकी सगळी हवा. यूट्यूबच्या व्ह्यूजवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांच्या मते ते म्हणजे येता-जाता दुकानात डोकावणारे लोक, गिऱ्हाईक नव्हे.

मी टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांची भक्त. जळगावला शाळेत शिकवते, संध्याकाळी घरी आले की वह्या बाजूला सारते आणि कार्यक्रम लावते. स्वच्छ लागलेला सूर, अवघड जागा सहज घेणारं पोरगं, परीक्षकांनी उभं राहून वाजवलेल्या टाळ्या, हे सगळं मला मनापासून आवडतं. त्यात या वर्षी साक्री तालुक्यातली एक मुलगी शेवटच्या फेऱ्यांपर्यंत पोचली होती. तिच्या चाहत्यांच्या ग्रुपवर मी होते, मत द्यायला सगळ्या ओळखीपाळखीच्यांच्या मागे लागत होते. नानांचं गाव त्याच तालुक्यातलं. निदान या वेळी तरी ते माझ्या बाजूने येतील अशी माझी वेडी आशा होती.

"पोरगी चांगली गास," नाना म्हणाले. "पन तिनं गानं लगनमा वाजस का?"

"लग्नात वाजणं हीच परीक्षा का?"

"मंग कोनती? ते कोट घालीसन बसतस ते सांगतीन ती?"

मग नाना उठत आणि पलंगाखालून खोका काढत. तो खोका म्हणजे आमच्या घरातला कायमचा साक्षीदार. काही वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेच्या विजेत्याचा अल्बम निघाला होता आणि नानांनी हौसेने सीडींचा अख्खा खोका मागवला होता. टीव्हीवर त्या मुलासाठी रडणारं गाव दुकानासमोरून ये-जा करत राहिलं, आत कोणी आलं नाही. खोक्याची चिकटपट्टीसुद्धा कापायची वेळ आली नाही. दुकान आवरताना नानांनी जुना माल भंगारात घातला, तो खोका तेवढा घरी आणला. वाद रंगात आला की तो समोर आपटायचा, वर तळहाताने थाप मारायची आणि विचारायचं, "कोनी मांगी का? एक तरी कोनी मांगी का?" त्यापुढे कोणाचं काही चालत नसे. "तेव्हा सीडीचेच दिवस संपले होते," असं मी दर वेळी म्हणायची आणि दर वेळी ते हात उडवून लावायचे.

दुकानाला लागून गादीवाल्या चाचांचं दुकान. तिथे कापूस पिंजायचं यंत्र आहे आणि चाचांच्या भुवयांवर कायम कापूस असतो. शटर बंद झाल्यावरही नाना रोज संध्याकाळी आपली खुर्ची त्याच जागी टाकायचे, कारण घर दुकानाच्या मागेच. चाचा माझ्या पक्षातले. त्यांना ती साक्रीची मुलगी फार आवडायची. "आवाज देखो, पानी जैसा," असं ते म्हणत आणि नाना त्यावर, "पानी फुकटमा भेटस, चाचा," असं उत्तर देत.

नानांचा आवाज बसला तेव्हा गल्लीत सगळ्यांनी हेच धरलं की भांडून बसला. आम्हीही तेच धरलं. आईने हळदीचं दूध दिलं, ज्येष्ठमध तोंडात धरायला दिला. पुढे आवाज अजून फाटला आणि कोणाच्या तरी लक्षात आलं की हा तर थेट त्या गायकाचा आवाज! नानांना केवढा आनंद झाला. मला फोन करायचे आणि त्या खरखरीत आवाजात विचारायचे, "वळख, कोन बोली राहिनं?" माझ्या मुलांना त्या आवाजात त्याच्या गाण्यातली ओळ ऐकवायचे. चाहत्याला आयुष्यात अजून काय हवं असतं. ज्याचा आवाज इतकी वर्षं विकला, तो आता आपल्याच गळ्यातून निघतोय.

हळदीनंतर एकदा फोनवर आमचं पुन्हा जुंपलं. मी वैतागून त्या गायकाबद्दल म्हणाले, "असा आवाज असलेल्या माणसाला स्टेजवर नाही, दवाखान्यात न्यायला पाहिजे." नाना खो खो हसले. हसता हसता खोकला लागला. तो खोकला थांबेना. मी फोन कानाला लावून "नाना, पाणी प्या, नाना" म्हणत राहिले आणि पलीकडे खोकल्यामागे एक बारीक शिट्टीसारखा आवाज येत राहिला, श्वास आत घेतानाचा. तो मी आधी कधी ऐकला नव्हता. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ओट्याशी उभी होते. कुकर लावायचा होता, तो लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चाचांचा फोन आला. चाचा कधी मला फोन करत नाहीत.

"बेटी, तेरे अब्बा का गला झगडे से नहीं बैठा," ते म्हणाले. "मैं रोज सामने बैठता हूँ. निवाला निगलते वक्त आँख मींच लेते हैं. तू आ जा."

मी तासिका दुसऱ्या बाईंकडे दिली आणि धुळ्याची बस धरली. पारोळ्यापर्यंत मी चाचांवर चिडले होते, पारोळ्यानंतर आईवर, आणि धुळ्यात उतरले तेव्हा चिडायला कोणी उरलं नव्हतं. नाना दारातच होते. "काबर उनी व अशी मधमाच?" अशी मधेच का आलीस, म्हणून त्यांनी विचारलं. मी डॉक्टरकडे जायचं म्हटलं. "नुसता गळा बसेल शे," ते म्हणाले, पण चप्पल घालायला लागले. एवढ्या सहज निघाले, याचीच मला जास्त भीती वाटली. आजवर नाना एका बोलण्यात कधी दवाखान्यात आले नव्हते.

घशाचे डॉक्टर गप्पिष्ट होते. नानांनी कॅसेटच्या दुकानाचं सांगितल्यावर त्यांनाही लहानपण आठवलं, कोणती गाणी ऐकायचो ते सांगायला लागले. बोलत बोलतच त्यांनी नाकातून बारीक नळी आत सोडली. समोरच्या पडद्यावर आतलं ओलं, गुलाबी दिसायला लागलं. "आता ई म्हणा," डॉक्टर म्हणाले. नानांनी म्हटलं. पडद्यावर एक बाजू हलली. दुसरी बाजू हलली नाही, तिथे काहीतरी पांढरट, खडबडीत बसलं होतं. "परत म्हणा." डॉक्टरांच्या गप्पा बंद झाल्या होत्या. मला वैद्यकातलं काही कळत नाही, पण बोलणारा माणूस एकदम गप्प होतो तेव्हा काय होतं ते कळतं. मी पर्सचा पट्टा इतका पिळला की त्याची शिवण उसवली.

"बिडी?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुकान बंद कयं तव्हय सोडी दिनी," नाना म्हणाले. आई भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे पाहत राहिली.

तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल येईपर्यंतचे दिवस मी जळगावला घालवले, पण कसे ते सांगता येणार नाही. शिकवत होते, डबे करत होते. संध्याकाळी कार्यक्रम लावायची आणि ती मुलगी काय गायली ते मला आठवायचं नाही. फोनवर चाहत्यांचा ग्रुप पेटलेला असायचा. त्या अल्बमवाल्या गायकाचे चाहते आमच्या मुलीच्या व्हिडिओखाली येऊन लिहायचे, रडून मतं मिळवते, हिचा एक अल्बम खपवून दाखवा. आमचे लोक तिकडे जाऊन लिहायचे, हा काय आवाज आहे का, गळ्याचं ऑपरेशन करा आधी. एरवी मी त्यात सगळ्यात पुढे असते. आता ते वाक्य वाचलं आणि मी फोन उशीखाली सारला. एका बाटलीत नानांच्या आवाजाचा तुकडा कुठेतरी पडून होता आणि जगात माणसं आवाजावरून भांडत होती. मला त्या सगळ्यांचा हेवा वाटला. भांडता येण्याइतकं ज्यांचं सगळं ठीक चाललंय, त्यांचा.

अहवाल जो यायचा तोच आला. आम्ही नानांना जळगावला माझ्याकडे आणलं, इथल्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना दाखवलं. तरुण होते, स्पष्ट बोलणारे. गाठ एका जागी राहिलेली नाही, खाली उतरली आहे, आता स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, म्हणाले. मानेला पुढून एक छिद्र राहील, श्वास तिथून घ्यायचा. पुढे जखम भरली, किरणांचे शेक संपले की छोटं यंत्र बसवून थोडंफार बोलता येतं, पण ते सगळ्यांना जमतंच असं नाही. आणि काही केलं नाही तर? ते त्यांनी नानांकडे पाहून सांगितलं, माझ्याकडे नाही. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

नाना शांतपणे ऐकत होते. घरी येऊन पाणी प्यायले आणि म्हणाले, "माले कराना नही."

"काय करायचं नाही?"

"आपरेशन. मुका व्हईसन मी काय करसू?"

पुढचा आठवडा माझ्या घरात जे झालं त्याला वाद म्हणता येणार नाही, कारण वादात दोन बाजू लागतात आणि नाना बोलतच नव्हते. आईने समजावलं, माझ्या नवऱ्याने समजावलं. नाना खिडकीत बसून केळीचे ट्रक पाहत राहायचे. रात्री त्यांच्या श्वासाची ती शिट्टी भिंतीपलीकडून ऐकू यायची आणि मी ती ऐकायला जागी राहायची, कारण ती थांबली तर काय, ही दुसरी भीती होतीच. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, उशीर करू नका, एक दिवस श्वासच अडेल.

शेवटी माझा तोल गेला. दुपारची वेळ होती, मुलं शाळेत होती. मी नानांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "ठीक आहे. नका करू. मग मीच जिंकले. इतकी वर्षं भांडलात आणि आता मैदान सोडून चाललात. तुमचा तो गायक गेला उडत. उद्यापासून या घरात फक्त त्या मुलीची गाणी लागतील आणि कोणी ब्र काढणार नाही." मी ओरडत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हे दोन्ही एकदम होतं तेव्हा मी फार वाईट दिसते.

नाना त्या फाटक्या आवाजात म्हणाले, "आनि आपरेशन कयं, तरी तूच जिकसी. मनी बाजू कोन लई?"

त्यांच्या बाजूने कोण बोलणार. बस, त्यांना एवढंच विचारायचं होतं. आठवडाभर ते खिडकीत बसून याचा विचार करत होते, मरणाचा नव्हे.

"मी घेईन," मी म्हणाले.

"तू?"

"मी. तुमची बाजू मला तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहे."

त्यांनी नाक उडवलं. पण संध्याकाळी आईला म्हणाले, पिशवी भर.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी वॉर्डात मी फोन काढला. मला त्यांचा आवाज हवा होता. नानांना टाइप करता येत नाही, ते व्हॉइस मेसेज पाठवायचे, आणि तसे आलेले सगळे मेसेज मी फोनमधली जागा भरली की पुसून टाकत आले होते. उरलेल्यांतला एकही मेसेज आवाज बसण्याआधीचा नव्हता. मी म्हणाले, नाना, काहीतरी बोला.

"मी काय अल्बम काढी राहिनू का?"

"बोला ना. काहीही."

नानांनी उशी नीट केली. केसांवरून हात फिरवला. मग टीव्हीवरच्या स्पर्धकासारखे हात जोडले आणि एकदम शुद्ध पुस्तकी मराठीत सुरू झाले, "नमस्कार सर, नमस्कार मॅम. मी धुळ्याहून आलो आहे. माझ्या घरची परिस्थिती अतिशय हलाखीची आहे. माझ्या पत्नीने चार घरची धुणीभांडी करून मला गाणं शिकवलं."

"मी कोणाची धुणी धुतली हो?" आई म्हणाली.

"ती आज इथे आली आहे. तिला स्टेजवर बोलवा." शेजारच्या खाटेवरचा माणूस हसायला लागला. नाना रंगात आले. इतकी वर्षं माझ्या कार्यक्रमांची जी जी चेष्टा त्यांनी केली होती ती सगळी त्यांनी आता ओतली, डोळे पुसले, आवंढा गिळला. "आणि सर, मला गळ्याचा आजार आहे. डॉक्टर म्हणतात, आज काय गायचं ते गाऊन घ्या. कारण उद्या..."

तिथे ते थांबले. ते वाक्य चेष्टेत सुरू झालं होतं आणि मधेच खरं झालं. आईने त्यांच्या पायावर हात ठेवला. मी फोन धरून उभी होते आणि पडद्यावर नानांचा चेहरा होता, डोळे मोठे झालेले. त्यांना भीती वाटतेय हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तोवर मला वाटायचं, ती फक्त मला वाटते.

"बंद कर," ते म्हणाले. मी बंद केलं. ते रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. मी ते अजून ऐकलेलं नाही.

ऑपरेशन दिवसभर चाललं. बाहेरच्या बाकावर मी शेवटी चाचांनाच फोन लावला, दुसरं कोणाशी बोलावंसं वाटेना. त्यांनी फोन चालू ठेवून मागे यंत्र सुरू ठेवलं. कापूस पिंजल्याचा तो आवाज ऐकत मी बसून राहिले.

नानांना आणलं तेव्हा मानेतल्या छिद्रातून श्वास बाहेर येताना बुडबुड्यांचा आवाज होता. नर्स नळीने आतला चिकटा ओढून काढायची तेव्हा नानांचं सगळं अंग वर उचललं जायचं, तोंड उघडायचं, आणि तोंडातून काहीच यायचं नाही. मी मोठी बाई आहे, दोन मुलांची आई आहे. पहिल्या वेळी मी बाहेर पळाले. दुसऱ्या वेळी नर्सने मला धरून शिकवलं, कारण घरी हे आम्हालाच करायचं होतं. मी शिकले. भीती गेली नाही.

शेक संपले. नाना धुळ्याला परतले. गाठ सगळी निघाली असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि मी गजाननाच्या देवळात जाऊन नारळ फोडला. पण आई फोनवर वेगळंच सांगत होती. नाना बाहेर येत नाहीत. खुर्ची आत उभी करून ठेवली आहे. मानेला पांढरं कापड बांधून पलंगावर बसतात, टीव्ही लावू देत नाहीत, कोणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करतात. मी फोन केला की आई तो त्यांच्या कानाला लावायची आणि मला पलीकडे नुसता श्वास ऐकू यायचा, मानेतून येणारा. मी भाजीबद्दल, मुलांबद्दल काहीबाही बोलत राहायची. त्या मुलीबद्दल बोलायचं धाडस झालं नाही. डॉक्टरांनी जीव वाचवला होता आणि आता नाना स्वतःच घरात बसून संपतील, असं मला वाटायला लागलं. ही भीती आधीच्यापेक्षा वाईट होती. हिच्यावर ऑपरेशन नव्हतं.

अंतिम फेरी होती त्या संध्याकाळी मी धुळ्याला होते. कार्यक्रम सुरू व्हायला वेळ होता. नाना आत पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. मी दोनदा हाक मारली, त्यांनी हात हलवून जा म्हटलं. मी बाहेर आले. चाचा दुकानासमोर नव्या गादीला टाके घालत बसले होते. मी आतून नानांची खुर्ची आणली, त्यांच्या जागी टाकली आणि त्यात बसले. त्या खुर्चीत मी पूर्वी कधी बसले नव्हते.

"आज तो अपनी बच्ची जीतेगी," चाचा म्हणाले.

दार उघडं होतं. शब्द दिला होता, आणि तो पाळायची वेळ अशी येईल हे माझ्या डोक्यात नव्हतं. मी मोठ्याने म्हणाले, "जिंकेल. पण जिंकून काय? तिचं गाणं लग्नात वाजतं का?"

चाचांची सुई थांबली. "बेटी, तू तो हमारी पार्टी की थी."

"आज नाही."

चाचांनी एकदा उघड्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग सुई गादीत खोचून ठेवली आणि नीट मांडी घालून बसले. त्यांनी मला सोडलं नाही, तोडीस तोड भांडले. गाणं शिकायला लागतं, म्हणाले. आवाज देवाची देणगी, म्हणाले. मी नानांची एकेक गोष्ट काढत गेले. परीक्षकांचे कोट काढले, रडारड काढली. आपल्या बोलीत एक ओळ गात नाही ती कसली आपली, हेही काढलं. मला ती मुलगी मनापासून आवडते आणि मी तिच्याविरुद्ध गल्लीत उभं राहून ओरडत होते. येणारे-जाणारे थांबून पाहायला लागले. आणि मला कळत होतं की मी हरतेय. नानांचं बोलणं माझ्या तोंडात पोकळ वाटत होतं. ते कुठे जोर द्यायचे, कुठे थांबायचे, काहीच जमत नव्हतं.

"उसके गाने को लाखों ने देखा, फोन में," चाचा म्हणाले. "और क्या चाहिए?"

याचं उत्तर मला माहीत होतं. लहानपणापासून ऐकलं होतं. पण त्या क्षणी भीतीने डोकं रिकामं झालं आणि मला काही केल्या ते आठवेना. मेलं, एवढंही मला जमलं नाही, असं वाटून रडू यायला लागलं. गल्लीतले लोक बघत होते.

आत पलंग करकरला. काहीतरी फरशीवरून ओढल्याचा आवाज झाला. आईचा आवाज आला, "अहो, जड आहे, थांबा."

नाना दारात आले. गळ्याला पांढरं कापड, अंगात बनियन, दाढी वाढलेली. दोन्ही हातांनी छातीशी तो खोका धरला होता. लोकांकडे त्यांनी पाहिलं नाही. सरळ चालत आले आणि खोका चाचांच्या नव्या गादीवर आपटला. चिकटपट्टी अजून जशीच्या तशी होती. मग त्यांनी वर तळहाताने थाप मारली, माझ्याकडे पाहिलं आणि परत थाप मारली. कापडामागचा श्वास जोरजोरात येत होता. डोळ्यांत नुसता संताप होता, इतकं सोपं उत्तर विसरलीस म्हणून.

मी खुर्चीतून उठले. नाना तीत बसले आणि माझ्याकडे बोट केलं.

"कोनी मांगी का, चाचा?" मी म्हणाले. "एक तरी कोनी मांगी का?"

नानांनी मान डोलावली आणि बोटाने खूण केली की थांबू नको, पुढे बोल.